विमानाला पडदा

उन्हात उभ्या केलेल्या छोट्या विमानाचं दार भर दुपारी उघडलं, की आतली झळ थेट तोंडावर बसते. मी दातांची डॉक्टर. परक्या तोंडांसमोर तोंड नेऊन आयुष्य काढलंय, त्यामुळे कसल्याही वाफेला मी सहसा बिचकत नाही. तरी त्या दारापासून मी दोन पावलं मागे सरते. सगळीकडून काच, खाली काळं डांबर आणि सीटवर काळं रेक्झिन. ते रेक्झिन ज्याने पसंत केलं, त्याची दाढ मला एकदा भूल न देता काढायची आहे.

आमच्या फ्लाइंग क्लबकडे हँगर आहे, नाही असं नाही. पण त्यात अध्यक्षांचं विमान असतं. ते कधीच उडत नाही, फक्त दर आठवड्याला पुसलं जातं. आम्ही सभासद जे विमान खरोखर उडवतो ते बाहेर तळत असतं. शिवाय सकाळचे गार तास शिकाऊ मुलांसाठी राखून ठेवलेले. सभासदांना विमान मिळतं ते जेवणाची वेळ टळल्यावर. अनुभवी माणसाला ऊन सोसतं, असं अध्यक्षांचं म्हणणं. अध्यक्ष स्वतः कमालीचे अनुभवी आहेत आणि दुपारी एसीत झोपतात.

मला ऊन सोसत होतं. प्रश्न आईचा होता.

माझी आई पडदे शिवते. सत्तरी ओलांडली तरी मशीन सोडलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच माझं विमान बघायला आली. नुसतं बघायला. मी कौतुकाने तिला आत बसवलं, दार लावलं आणि एकेक यंत्र दाखवायला लागले. तिसऱ्या यंत्रापाशी आई माझ्या खांद्यावर कलंडली. क्लबचे मिस्त्री धावत आले, आम्ही दोघांनी तिला उचलून पंखाच्या सावलीत आडवं केलं आणि तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "माझी इस्त्री बरी."

तिला रक्तदाब आहे. डॉक्टरांनी उन्हात जायला सक्त मनाई केली, आणि त्या मनाईचा उपयोग तिने पुढे वर्षभर मला ऐकवायला केला. लेकीने पैसे उडवले तेही कशावर, तर भट्टीवर, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

पण यंदा मावशी पडली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावात राहते. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि ती अंथरुणाला खिळली. दोघी रोज फोनवर भांडायच्या. मावशी म्हणायची, दुपारचं ऊन थेट माझ्या तोंडावर येतं, सुनेने लावलेला पडदा दर वाऱ्याला उडतो, जीव नकोसा झालाय. आई म्हणायची, खाट हलवायला सांग. मावशी म्हणायची, खाट हलवली की भिंत दिसते, मला रस्ता बघायचाय. मग एक दिवस मावशी भांडलीच नाही. "येऊन जा गं एकदा," एवढंच म्हणाली. आईने फोन ठेवला आणि अर्धा शिवलेला पडदा हातात घेऊन बराच वेळ नुसती बसली.

डोंगरातून जाणारी बस दिवसभर हाडं खिळखिळी करत जाते. आईच्या मणक्याला ते झेपणारं नव्हतं. माझ्या विमानाने तोच रस्ता तासाभराचा.

"बसेन," आई म्हणाली. "पण ती भट्टी आधी गार कर."

आता वर गेलं की गार होतं, हे मला ठाऊक होतं. आमच्या मिस्त्रींचं तर ते पेटंट वाक्य. क्लबातल्या कुठल्याही तक्रारीवर, मग ती इंजिनाची असो, गुडघ्याची असो की बायकोची, ते हातातला पाना न थांबवता म्हणतात, "वर गेलं की गार होतं." आईला त्यांनी तेच सांगितलं.

"वर गेल्यावर सगळेच गार होतात," आई म्हणाली. "मला जिवंतपणी पोचायचंय."

खरं घोडं अडत होतं जमिनीवर. दार लावायचं, इंजिन चालू करायचं, तपासण्या करायच्या, धावपट्टीच्या टोकाशी जाऊन आपली पाळी येईतो थांबायचं. ती पंधरा-वीस मिनिटं आईला सोसली, तर पुढे काही भीती नव्हती. नाही सोसली तर मावशीची भेट राहिली, आणि आईची तब्येत गेली ती वेगळीच.

मी कामाला लागले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून झाकणाला छोटा पंखा बसवला. मानेभोवती गुंडाळायला ओले पंचे. विमान उन्हाकडे पाठ करून उभं राहील अशी जागा मिस्त्रींकडून मिळवली. राहिली काच. काचेवर पडदा हवा, हे मी आईसमोर बोलले मात्र, तिने चष्मा लावला.

"माप घेतलंयस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आई गळ्यात टेप अडकवून क्लबात हजर. शिडी मागवली. एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी जावं तशी ती विमानाभोवती फिरली आणि गिऱ्हाइकाच्या घरात ती जे मनात म्हणते ते इथे मोठ्याने म्हणाली. समोरची खिडकी वाकडी आहे. मागच्या दोन खिडक्या एका मापाच्या नाहीत. सीटची शिवण कुणी घातलीय, टाचणीने घातलीय का? मिस्त्री शिडी धरून उभे होते. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्या विमानाचा असा पाणउतारा कुणी केला नव्हता. ते विमानाच्या वतीने ओशाळले.

आमच्या भागातल्या बहुतेक घरांना लोखंडी चौकटीच्या खिडक्या आहेत, आणि आईची खासियत अशी, की ती पडद्याच्या काठात चपटी लोहचुंबकं शिवते. पडदा नुसता खिडकीशी नेला की टप्प करून चौकटीला चिकटतो, वारा आला तरी हलत नाही. गिऱ्हाइकं त्यासाठी लांबून येतात. विमानासाठी तिने बाहेरून चंदेरी आणि आतून गुलाबी फुलांचं कापड निवडलं.

"फुलं कशाला?" मी विचारलं.

"आतल्या माणसाने काय बघायचं मग?"

रात्री उशिरापर्यंत मशीन चालू होतं. सकाळी मी पडदा उचलून बघितला, तर तो नको इतका जड. आईने खुलासा केला: घर एका जागी उभं असतं, विमान पळतं, म्हणून लोहचुंबकं दुप्पट घातलीत. मला ते पटलं. शिकल्यासवरलेल्या बाईला, जिच्याकडे विमान चालवायचा परवाना आहे, ते पटलं, याचा मला आजही राग येतो.

जायचा दिवस उजाडला तोच तापलेला. दुपारी आई छत्री घेऊन विमानापुढे उभी राहिली आणि पडदा बसवण्याचा मान तिचाच म्हणून शिडीवर चढली. काचेच्या कडेवर तिने पडदा टेकवला, हाताने दाबला आणि सोडला.

पडदा सरसरत खाली आला आणि मिस्त्रींच्या डोक्यावर पडला.

"नीट धरा हो," आई म्हणाली. पुन्हा लावला. पुन्हा मिस्त्री गुलाबी फुलांखाली गेले. तिसऱ्या खेपेला ते आतूनच बोलले, "काकू, हे ॲल्युमिनियमचं आहे. याला लोहचुंबक चिकटत नाही."

आई शिडीवर थबकली. तिने विमानावर बोटाने टकटक केलं. "ॲल्युमिनियम? म्हणजे पातेल्याचं?"

"तसंच धरा."

"अगं, मला सांगायचं नाहीस का?" हे मला. "मी माप घेताना बघत होतीस ना, तेव्हा तू मला काय बोललीस? 'आई, किती छान शिवतेस.' पातेल्याला कधी पडदा चिकटतो का?"

दवाखान्यात मला एक मोठी सोय आहे. समोरच्याच्या तोंडात माझे हात असतात, त्यामुळे तो उलट बोलू शकत नाही. आईच्या बाबतीत ही सोय मला कधीच लाभली नाही. मिस्त्रींनी पडद्याखालून बाहेर येऊन कुठूनसा दोर पैदा केला आणि पडदा विमानाच्या नाकाला करकचून बांधला. अर्ध्या तासाने मी दार उघडलं. झळ होती, पण माणसात आलेली. आईने इस्त्री तापली का बघतात तसं सीटला बोट लावून बघितलं.

"बसते," ती म्हणाली.

मिस्त्रींनी पडदा सोडून घडी केली आणि मागच्या सीटच्या पलीकडे सामानात टाकला. मी बर्फाचा पंखा चालू केला. आईच्या मानेभोवती ओला पंचा, डोक्यावर हेडफोन, मांडीवर पर्स. दार तिने हाताने अर्धं उघडं धरलेलं, आम्ही त्याच अवस्थेत डुगडुगत धावपट्टीपर्यंत गेलो. पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडत होते. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

धावपट्टीच्या टोकाशी टॉवरने थांबायला सांगितलं. एक शिकाऊ उतरत होता. म्हणजे उतरतो उतरतो म्हणत होता; प्रत्येक वेळी जमिनीजवळ येऊन बिचकायचा आणि पुन्हा वर जायचा. सकाळचे सगळे गार तास याला दिले होते आणि हा दुपारी माझ्या आईच्या जिवावर उठला होता. बर्फाचं पाणी झालं. पंखा आता कोमट फुंकर मारायला लागला. समोर नकाशासाठी लावलेला टॅब्लेट एकाएकी काळा पडला आणि त्यावर अक्षरं आली, की आपण फार तापलो आहोत, थंड झाल्यावर भेटू. आईचा चेहरा लाल झाला होता. पंचा सुकला होता. ती बोलत नव्हती, आणि आई बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

मला भीती वाटली. मी तिचं मनगट धरलं आणि नाडी बघितली. "आई, आपण परत जातोय."

"नाही."

"आई, ऐक माझं. तुला काही झालं तर..."

"ताई कधी 'ये' म्हणत नाही गं," आई म्हणाली. "लहानपणापासून नाही म्हणाली. 'जा' म्हणायची नेहमी. आता म्हणालीय. तू चल."

मी माझ्या बाटलीतलं सगळं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मग टॉवरला जे बोलले ते रेडिओवर बोलायच्या नियमात बसत नाही. पण शिकाऊला ताबडतोब लांब पाठवण्यात आलं आणि आम्हाला जायला मिळालं.

विमानाने जमीन सोडली. मी शक्य तितकं सरळ वर चढत राहिले. हवेच्या झडपा आईच्या तोंडाकडे वळवल्या. एकेक हजार फुटाला गारवा वाढत गेला. आईच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला, श्वास सावरला. डोंगर ओलांडायचा म्हणून आम्ही आणखी वर गेलो. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. बर्फ, पंखा, पंचा, पडदा, आठवडाभराची धावपळ, सगळं सार्थकी लागलं होतं.

"थंडी वाजते," आई म्हणाली.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"अगं, थंडी वाजते मला! केस ओले आहेत. पांघरायला काय आणलंयस?"

ओले पंचे आणले होते. कोमट पाण्याचं खोकं होतं. स्वेटर आणावा हे त्या कडक उन्हाळ्यात माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी झडपा बंद केल्या, पण आई थांबणाऱ्यातली नव्हे. तिने मागे हात घालून चाचपडलं, काहीतरी ओढलं आणि अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतलं. माझं लक्ष समोर होतं. टॅब्लेट अजून रुसलेलाच. दिशा दाखवणारं एक यंत्र आहे, पण क्लबाच्या विमानातलं ते जरा भरकटतं, थोड्या थोड्या वेळाने त्याला होकायंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मी होकायंत्राकडे बघितलं. चांगलाच फरक पडला होता. यंत्र जुळवलं आणि मुकाट्याने वळले.

थोड्या वेळाने डावीकडे दिसायला हवा होता तो तलाव नाकासमोर आला.

तलाव जागा बदलत नाहीत. मी पुन्हा होकायंत्राकडे पाहिलं. ते सावकाश फिरत होतं. आईने पदर सारखा करावा तसं पांघरूण सारखं केलं. होकायंत्र तिच्याकडे वळलं. ती खिडकीकडे सरकली. होकायंत्र तिच्या मागोमाग सरकलं. आई हलली की उत्तर दिशा हलत होती. आमच्या घरात हे असंच चालत आलंय, पण विमानात चालत नाही. मी शेजारी नजर टाकली. गळ्यापर्यंत चंदेरी पडदा लपेटून, आतली गुलाबी फुलं अंगाला लावून आई आरामात बसली होती. दुप्पट लोहचुंबकांसह.

"आई, तो पडदा मागे टाक!"

"का? मला ऊब येतेय."

"त्यातल्या लोहचुंबकांनी माझं होकायंत्र बिघडलंय. आपण भलतीकडे चाललोय!"

"चिकटायचं तिथे चिकटत नाहीत आणि नको तिथे करामती करतात," आई म्हणाली. "तुला दिशा कळत नाही का तशी? मग इतकी वर्षं काय शिकलीस?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तलावाचा काठ पकडला, त्याच्या टोकाला डोंगरातली खिंड दिसत होती, ती धरून नीट रस्त्याला लागले. पण पुढे होकायंत्र लागणार होतं, आणि आई पडदा सोडायला तयार नव्हती. शेवटी मी हात पुढे केला आणि एक कळ ओढली. क्लबात कुणी तिला उन्हाळ्यात हात लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पायांपाशी गरम हवा यायला लागली.

वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवशी मी त्या विमानाचं हीटर लावलं होतं. मिस्त्रींना हे कधीही कळता कामा नये.

"आता कसं," आई म्हणाली. पडद्याची व्यवस्थित घडी घालून तिने तो पार मागे सारला. होकायंत्र शहाण्यासारखं उत्तरेकडे बघायला लागलं. मग आईने पहिल्यांदा खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एवढंच आहे होय मधे," ती म्हणाली. "एवढ्याशासाठी इतकी वर्षं गेले नाही मी."

तिला नीट दिसावं म्हणून मी तिच्या बाजूचा पंख थोडा खाली केला.

पलीकडे उतरलो तेव्हा मावसभाऊ गाडी घेऊन आला होता. दार उघडताच पुन्हा तीच झळ. आईने पर्स घेतली आणि पडदाही काखोटीला मारला.

"तो राहू दे, मला परत जाताना लागेल," मी म्हटलं. तिला तिथे ठेवून मला त्याच दिवशी परतायचं होतं.

"पातेल्याला चिकटत नाही तो," आई म्हणाली आणि गाडीत बसली.

मावशीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि समजलं, ती फोनवर का कावायची. खाट खिडकीला लागून. उन्हाचा पट्टा थेट उशीवर. सुनेचा पातळ पडदा वाऱ्यावर छताकडे उडालेला. मावशी डोळे मिटून, कपाळावर आडवा हात ठेवून पडली होती. अंगाने निम्मी झाली होती.

"कोण आलंय?" तिने डोळे न उघडता विचारलं. उघडले असते तरी त्या उन्हात तिला काही दिसलं नसतं.

आई उत्तर द्यायला थांबली नाही. तिने पर्स खाली टाकली, पडदा उलगडला आणि खिडकीशी गेली. खिडकीची चौकट जुनी, लोखंडी, रंग उडालेली. आईने पडदा तिच्याजवळ नुसता नेला.

टप्प. टप्प. टप्प टप्प टप्प.

दुप्पट लोहचुंबकं एका दमात बसली. खालचा एक कोपरा तिने मुद्दाम मोकळा सोडून दुमडला, तेवढ्यातून रस्ता दिसत राहिला. खोलीत सावली उतरली आणि खिडकीभर गुलाबी फुलं आली. मावशीने कपाळावरचा हात काढला. डोळे किलकिले केले, मग पूर्ण उघडले.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस तू!"

"आणि तू गं? दात कुठायत तुझे?"

"डब्यात ठेवलेत. तू येणार म्हणून कुणी सांगितलं मला?"

"तूच बोलावलंस ना!"

"बोलावलं. येशील असं वाटलं नव्हतं."

आई खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत, पडद्यावरची फुलं मोजत, तिला पुन्हापुन्हा "जा, वेडी कुठली" म्हणत होती. कवळी मीच बनवलेली होती, तिच्याबद्दल मला दोन शब्द बोलायचे होते. मी ते गिळले आणि बाहेर आले. तिकडे धावपट्टीपाशी, उघड्या उन्हात, पडद्याशिवाय, माझं विमान माझी वाट बघत तापत होतं.